विद्यार्थी-बैठक : सहा बैठकांनंतरची नोंद

शास्त्रीय संगीत शिकणाऱ्या मुलांची ही बैठक महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी साडेनऊला. पहिल्या वेळी आठ मुलांना दहा-दहा मिनिटं दिली होती. दहा मिनिटांत ख्याल मांडता येत नाही, मग मुलं बंदिशीचा मुखडा (सुरुवातीची ओळ) म्हणून थेट तानांवर येतात. आता तिघंच : दोन गायनं, एक तबल्याचं एकल, प्रत्येकी पंचवीस मिनिटं. मध्ये सूर लावायला दहा मिनिटं राखलेली. ती कापली की पुढचं सगळं बेसूर होतं.

सर्वांत जास्त वेळ गेला तो पट्टीत, म्हणजे गाणाऱ्याचा सा पेटीच्या कोणत्या स्वरावर, यात. एका सकाळी काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) गाणारा मुलगा आणि काळी चारला गाणारी मुलगी असली, तर एक तबला पुरत नाही. काळी एकला साधारण सव्वापाच ते साडेपाच इंची, काळी चारला सहा-सव्वासहा इंची तबला लागतो. गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून अर्धा, फार तर एक सूर इकडेतिकडे होतो. त्यापुढे चढवला तर पुडी (वरचं कातडं) फाटायची भीती, उतरवला तर नाद बसका. अडचणीत काळी एकचा तबला काळी चारला चालवतात, कारण तो त्या गाणारीच्या शुद्ध मध्यमात (म) बोलतो. बागेश्रीत, मालकंसात ते खपून जातं. भूपाला मध्यमच नाही, यमनाचा मध्यम तीव्र. तिथे प्रत्येक समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) खटकतं. म्हणून नावनोंदणीच्या वहीत नावापुढे पट्टी आणि राग आठवडाभर आधी लिहून घेतो आणि तबले त्याप्रमाणे मागवतो.

सूर लावण्याचा क्रमही ठरलेला : आधी पेटी, मग तंबोरा, शेवटी तबला. पेटीचे सूर जागच्या जागी बदलता येत नाहीत, आणि जुन्या पेट्या बऱ्याचदा 440 हर्ट्‌झच्या (आजच्या प्रमाण सुराच्या) हिशेबाला थोड्या वर-खाली असतात. मोबाइलवरचा तंबोरा 440 ला ठेवून मुलांना गायला बसवलं तर ती दोन षड्जांच्या मध्ये अडकतात. ॲपमध्ये सेंटचा (अर्ध्या सुराच्या शंभराव्या भागाचा) काटा असतो, तो पेटीला जुळवायचा. आणि मालकंस असेल तर पहिली तार पंचमावरून मध्यमावर आणायची! हे दोनदा राहून गेलं आणि मुलीचा मध्यम पंचमाकडे ओढला जात राहिला. चूक तिची नव्हती.

खरा तंबोरा एकच आहे, मिरजेचा. जवारीचा दोरा (घोडीवर तारेखाली ठेवलेला) केसाएवढा सरकला तरी झंकार मिटतो. तार छेडत तो हळूहळू पुढे-मागे करायला आता चार मुलं शिकली आहेत.

एकलासाठी लेहरा (तबल्यामागे पेटीवर फिरत राहणारी एकच धून) मुलांनीच धरायचा, हे चौथ्या बैठकीपासून. चंद्रकंसातला तीनतालाचा लेहरा, मिनिटाला 60 मात्रांपासून सुरुवात. कायद्याची (ठरावीक बोलांच्या विस्ताराची) दुगुन, म्हणजे दुप्पट लय, आली की तबला पळतो, पेटी त्याच्या मागे पळते, आणि रेल्यापर्यंत (जलद बोलांच्या रचनेपर्यंत) बोल तुटायला लागतात. त्यावर उपाय एकच सापडला : लेहऱ्याने तबल्याकडे कान द्यावा, पण लय आपलीच धरावी. त्यासाठी तालमीत दहा मिनिटं नुसता लेहरा, मेट्रोनोमवर.

बारा-चौदा वर्षांच्या ज्या मुलांचा आवाज फुटतोय, त्यांना हीच जागा द्यावी असं आमचं ठाम मत आहे. जुन्या पट्टीत रेटून गायला लावलं की घसा बिघडतो, आणि घरी बसवलं की मुलगा गाण्यापासून सुटतो. लेहरा धरला, तंबोऱ्यावर बसला, तर कान तयार होत राहतो आणि आवाज स्थिरावल्यावर तो नव्या पट्टीत परत येतो.

साथीला बसणाऱ्या प्रत्येक मुलाला पाकीट मिळतं, गाणाऱ्याइतकंच. नंबर, ढाल, प्रमाणपत्र काही नाही. चाळीस माणसांच्या खोलीत माइकही लावत नाही. एको ऐकून मुलं आवाज टाकायचं विसरतात.

पावसाळ्यातल्या बैठकीसाठी राहिलेलं काम : दमट हवेत पुड्या उतरतात, म्हणून तबले तासभर आधी खोलीत आणून पंख्याखाली उघडे ठेवायचे आणि सूर शेवटच्या दहा मिनिटांतच लावायचा. काळी पाचसाठी पावणेसहा ते सहा इंची तबला अजून मिळालेला नाही. कुणाकडे पडून असेल तर पुडी बदलून घ्यायची आमची तयारी आहे.