तुम्ही विचारलेत म्हणून: मानक ठरवते कोण?

नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या सुट्या भागांची गुणवत्ता तपासण्याच्या कामात माझी २८ वर्षे गेली. या काळात एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे. लहान वर्कशॉपचे मालक रिजेक्शनचा कागद हातात घेऊन तो विचारतात, तंत्रनिकेतनातली मुले कारखाना पाहायला आली की विचारतात, आणि दिंडोरीला द्राक्षबाग असलेले माझे मेहुणे दर हंगामात एकदा तरी विचारतातच: "ही मानके, म्हणजे स्टँडर्ड्स, ठरवतात कोण? बाहेरच्या देशांनी बसून ठरवायचे आणि आपण नुसते पाळायचे, असेच ना?" तोंडी सांगताना माझे उत्तर दरवेळी अर्धवट राहते, म्हणून ते एकदा नीट लिहून काढतो आहे.

आधी एक प्रसंग सांगतो, कारण माझ्या स्वतःच्या मनातला हा प्रश्न त्या प्रसंगापासून बदलला. मे महिना होता. परदेशातल्या एका ग्राहकासाठी आम्ही ॲल्युमिनियमचे हाउसिंग, म्हणजे यंत्राचे बाहेरचे कवच, करत होतो आणि त्यातल्या बोअरवर, म्हणजे गोल भोकावर, ड्रॉइंगमध्ये '१०० एच ७' असे लिहिलेले होते. याचा अर्थ बोअरचा व्यास १०० मिलिमीटरपेक्षा जराही कमी नको आणि जास्त असलाच तर ३५ मायक्रॉनपर्यंत चालेल (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आमच्या ऑपरेटरने मोठ्या काळजीने प्रत्येक जॉब (तयार होणारा नग) मधोमध, म्हणजे १८ मायक्रॉन जास्त, असा राखला होता. भोकाचा व्यास मोजणारे बोअर गेज, नेमक्या मापाच्या पोलादी कड्यावर, म्हणजे सेटिंग रिंगवर, शून्य करून मी स्वतः मापे घेतली आणि अहवालावर सही केली. दोन महिन्यांनी ग्राहकाचे पत्र आले की बोअर लहान आहेत, माल परत घ्या. तुमचेच गेज तपासून पाहा, असे उत्तर मी लिहायलाही घेतले होते.

आमच्या तेव्हाच्या वरिष्ठांनी ते पत्र थांबवले. शिल्लक राहिलेला एक जॉब आणि ती सेटिंग रिंग त्यांनी रात्रभर २० अंशांच्या वातानुकूलित स्टँडर्ड रूममध्ये ठेवायला लावली आणि सकाळी मला पुन्हा माप घ्यायला सांगितले. बोअर १०० मिलिमीटरपेक्षा ३ मायक्रॉनने लहान निघाला. मग त्यांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. माप घेतले त्या दिवशी शॉपमध्ये ३८ अंश तापमान होते, म्हणजे १८ अंश जास्त. १०० मिलिमीटर ॲल्युमिनियम एका अंशाला सुमारे २.३ मायक्रॉन प्रसरण पावते आणि पोलाद त्याच्या निम्मे, त्यामुळे जॉब साधारण ४२ मायक्रॉन फुगला होता आणि रिंग २१. गेज या दोहोंची तुलना करते, म्हणून बोअर खऱ्यापेक्षा २१ मायक्रॉन मोठा दिसत होता. आमचे माप प्रामाणिक होते आणि ग्राहकाचेही. ड्रॉइंगवर तापमान कुठेही लिहिलेले नव्हते, कारण ते लिहिण्याची गरजच नव्हती. वेगळे काही नमूद केलेले नसेल तर ड्रॉइंगवरचे प्रत्येक माप २० अंश सेल्सिअसचे धरायचे, हे आयएसओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेच्या, 'आयएसओ १' या मानकाने आधीच ठरवून ठेवलेले आहे.

माझा पहिला राग त्या २० अंशांवर निघाला. नाशिकच्या मे महिन्यात २० अंश आणायचे कुठून? पण त्या आकड्याचा इतिहास वाचला तेव्हा राग ओसरला. एकेकाळी फ्रान्समध्ये मापे शून्य अंशाला धरत आणि ब्रिटनमध्ये ६२ अंश फॅरनहाइटला, त्यामुळे एकाच लांबीचे दोन गेज एकमेकांशी जुळत नसत. १९३१ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २० अंश स्वीकारले आणि १९५१ साली आयएसओने आपली पहिलीच शिफारस म्हणून हा आकडा प्रसिद्ध केला. म्हणजे जगभरातल्या देशांनी एकत्र येऊन जी पहिली गोष्ट कागदावर आणली, ती 'माप कोणत्या तापमानाचे' ही होती. आकडा १८ असता किंवा २५ असता तरी चालले असते. तो सगळ्यांचा एकच असणे महत्त्वाचे होते.

आता मेहुण्यांच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. उष्ण देशांचे हवामान मानकात कधी विचारात घेतले जातच नाही, असे नाही. प्लास्टिकच्या चाचण्यांचे वातावरण ठरवणाऱ्या आयएसओ मानकात २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेबरोबरच उष्ण कटिबंधातल्या देशांसाठी २७ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता दिलेली आहे. आपल्याकडे सिमेंटची चाचणी भारतीय मानकानुसार २७ अंशांना, दोन अंश इकडेतिकडे धरून, होते. लांबीला एकच आकडा लागतो म्हणून तिथे पर्याय ठेवला नाही. चाचणीच्या वातावरणात पर्यायाला जागा होती, तिथे ती ठेवली गेली. तेव्हा खरा प्रश्न असा आहे की ती जागा मागायला कोण जाते आणि कशी मागावी लागते.

आयएसओची स्थापना ठरवणारी बैठक ऑक्टोबर १९४६ मध्ये लंडनला झाली. तिला २५ देशांचे प्रतिनिधी होते आणि त्यांत भारत होता. संस्थेचे काम २३ फेब्रुवारी १९४७ रोजी सुरू झाले. आपली भारतीय मानक संस्था, जिच्या आद्याक्षरांचा आयएसआय शिक्का आपण प्रेशर कुकरवर शोधतो, ६ जानेवारी १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी स्थापन झाली. १ एप्रिल १९८७ पासून तिचे काम भारतीय मानक ब्युरो पाहते. तेव्हा 'त्यांनी ठरवले' असे म्हणताना त्या 'त्यां'मध्ये आपण पहिल्या दिवसापासून आहोत, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

मानक तयार कसे होते ते थोडक्यात सांगतो. एखाद्या देशाची मानक संस्था किंवा एखादी समिती नव्या विषयाचा प्रस्ताव मांडते. प्रस्तावाला मते मिळून भागत नाही, किमान चार-पाच देशांनी कामाला आपले तज्ज्ञ देण्याची तयारी दाखवावी लागते. मग एक कार्यगट मसुदा लिहितो, तो तांत्रिक समितीत फिरतो आणि त्यानंतर सर्व सदस्य देशांकडे १२ आठवड्यांच्या मतदानासाठी जातो. एका देशाला एक मत असते, मग तो जर्मनी असो की नेपाळ. त्या विषयात सक्रिय सहभाग घेणाऱ्या देशांपैकी दोन तृतीयांश मते बाजूने लागतात आणि एकूण विरोधी मते एक चतुर्थांशापेक्षा जास्त चालत नाहीत. गरज पडल्यास अंतिम मसुद्यावर आणखी आठ आठवड्यांचे मतदान होते. सगळ्याला सर्वसाधारणपणे तीनेक वर्षे लागतात आणि प्रसिद्ध झालेल्या मानकाचा दर पाच वर्षांनी फेरविचार होतो.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटणारा नियम वेगळाच आहे. विरोधी मत देताना तांत्रिक कारण दिले नाही, तर ते मत मोजले जात नाही. टिपणी पाठवण्याचा एक ठरलेला तक्ता असतो. त्यात कलमाचा क्रमांक लिहायचा, टिपणी सामान्य आहे, तांत्रिक आहे की भाषेची आहे ते लिहायचे, मग आक्षेप लिहायचा आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात 'सुचवलेला बदल', म्हणजे तुम्हाला तिथे जे वाक्य हवे आहे ते शब्दशः लिहून द्यायचे. शेवटचा रकाना समितीच्या सचिवालयाचा, त्यात प्रत्येक टिपणीवर काय ठरले ते लिहिले जाते. 'हे आम्हाला जमणार नाही' असे म्हणणाऱ्याच्या हाती या तक्त्यात काही लागत नाही. 'या कलमात अमुक शब्द काढून तमुक घाला, कारण हे' असे लिहिणाऱ्या लहान देशालाही समितीला उत्तर द्यावेच लागते.

शब्दांची इतकी कसून निवड इतरत्र मी क्वचितच पाहिली आहे. इंग्रजी मसुद्यात 'शॅल' असेल तर ती अट असते, 'शुड' असेल तर शिफारस, 'मे' असेल तर परवानगी. आपल्या 'पाहिजे', 'असावे' आणि 'चालेल' या तीन शब्दांत जेवढे अंतर आहे तेवढेच ते आहे, आणि एका शब्दाच्या फेरफाराने एखाद्या वर्कशॉपला नवे यंत्र घ्यावे लागते किंवा वाचते.

हे चित्र फार गोंडस वाटू नये म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. मत प्रत्येक देशाला एक असले तरी लेखणी कार्यगटात बसणाऱ्यांच्या हाती असते, आणि मतदानाची वेळ येईपर्यंत बरेचसे ठरून गेलेले असते. समित्यांची सचिवालये मोठ्या प्रमाणावर जर्मनी, अमेरिका, जपान, ब्रिटन, फ्रान्स, चीन अशा देशांकडे आहेत. तिथल्या मोठ्या कंपन्या आपल्या माणसाला वर्षानुवर्षे याच कामासाठी पगार देतात. आपल्याकडे लहान कारखान्याचा मालक ड्रॉइंग वाचतो, माल बनवतो, पण मसुदा त्याच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही. शिवाय आयएसओचे मानक विकत घ्यावे लागते आणि त्याची किंमत स्विस फ्रँकमध्ये असते. ज्याने ते पाळायचे त्यालाच ते परवडू नये, ही मला या व्यवस्थेतली मोठी उणीव वाटते. भारतीय मानक ब्युरोने स्वतःची मानके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेण्याची सोय केली, हे म्हणूनच मला फार चांगले पाऊल वाटते.

मागणी केल्यावर काय होऊ शकते याचे उदाहरण याच लेखात आहे. वर ज्या ॲल्युमिनियमची गोष्ट सांगितली, त्याचे पहिलेच अक्षर पाहा. 'ॲ' हे मराठीला रोज लागणारे अक्षर २००८ सालापर्यंत युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात, स्वतंत्रपणे नव्हते. ते 'अ'वर चंद्र जोडून लिहावे लागे आणि कित्येक संगणकांवर त्याऐवजी ठिपक्यांचे वर्तुळ उमटत असे. युनिकोड आणि आयएसओचे १०६४६ क्रमांकाचे मानक एकमेकांशी जुळवून ठेवलेले आहेत. त्यात अक्षर घालायचे तर प्रस्ताव द्यावा लागतो, ते अक्षर छापील मजकुरात वापरले जाते याचे नमुने जोडावे लागतात आणि ते कोण वापरणार हे सांगावे लागते. कोणीतरी ते काम केले, म्हणून आज आपल्याला 'ॲ' एका चिन्हात मिळतो.

मेहुण्यांसाठी द्राक्षांचेही सांगतो, कारण तिथे तीन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या जातात. दिंडोरीहून न्हावाशेव्याला जाणारा थंड कंटेनर घ्या. त्याची लांबी-रुंदी आणि आठ कोपऱ्यांवरचे ओतीव कान ही मानके आहेत, म्हणून रॉटरडॅमची क्रेन तो कोणतीही विचारपूस न करता उचलते. आतल्या द्राक्षांत कोणत्या रसायनाचा अंश किती चालेल, हा आयात करणाऱ्या प्रदेशाचा कायदा आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडली, ती त्या कायद्यापुढे. आणि बागेचे ग्लोबल गॅप, म्हणजे चांगल्या शेतीपद्धतीचे, प्रमाणपत्र ही खरेदीदाराची अट आहे. मानक स्वतः कोणावरही सक्ती करत नाही. करारात लिहिले की ते बंधनकारक होते, सरकारने गुणवत्ता नियंत्रण आदेशात घेतले की कायदा होते. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासूनच्या करारानुसार तांत्रिक नियम करताना योग्य आंतरराष्ट्रीय मानक उपलब्ध असेल तर देशांनी त्याचा आधार घ्यायचा असतो, त्यामुळे आज ऐच्छिक असलेला मसुदा उद्या दारात नियम म्हणून उभा राहू शकतो. मसुद्याच्या वेळीच बोलले पाहिजे, असे मी म्हणतो ते यासाठी.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. आयएसओ स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. फाटकावर लागलेला 'आयएसओ ९००१'चा, म्हणजे गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाचा, फलक प्रमाणन करणाऱ्या स्वतंत्र संस्थेने दिलेला असतो.

आता राहिले, बोलायचे कसे. भारतीय मानक ब्युरो आपले मसुदे टिपण्यांसाठी संकेतस्थळावर खुले ठेवते आणि त्यावर कोणीही लिहू शकते. त्यासाठी समितीचा सदस्य असावे लागत नाही. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या वर्कशॉपमधली गुणवत्ता विभागातली एक तरुण अभियंता मापनपद्धतीचा असाच एक मसुदा छापून घेऊन आली. दोन शनिवार आम्ही त्यावर बसलो. मसुद्यात नुसते २० अंश लिहिलेले होते. आम्ही दोन वाक्ये सुचवली: जिथे २० अंश राखता येत नाहीत तिथे जॉबचे आणि गेजचे प्रत्यक्ष तापमान अहवालात नोंदवले पाहिजे, आणि त्यावरून दुरुस्ती करून माप द्यावे. कारणाच्या रकान्यात मी ३८ अंश, ४२ मायक्रॉन आणि २१ मायक्रॉन हा हिशेब लिहिला. उत्तर आले ते 'अंशतः स्वीकृत' असे. तापमानाची नोंद घेतली गेली. दुरुस्तीचे वाक्य या मानकाच्या व्याप्तीत बसत नाही, असे कारण देऊन वगळले. तिला ते पटलेले नाही, आणि दुरुस्तीचे कलम कोणत्या मानकात बसेल ते ती आता शोधते आहे.