आदेश मिळाला, पण पैसे?

महारेराचा, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, आदेश हातात पडला की पैसे आलेच, असं आमच्या सोसायटीतले बरेच जण अजूनही धरून चालतात. आमचा अनुभव वेगळा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचा घराचा करारनामा २०१३चा, रेरा हा घरखरेदीदारांसाठीचा कायदा येण्याआधीचा. ताब्याची तारीख त्यात डिसेंबर २०१६ अशी स्वच्छ लिहिलेली. बिल्डरने २०१७ मध्ये महारेराकडे प्रकल्प नोंदवताना मात्र पूर्णत्वाची तारीख टाकली डिसेंबर २०२१. ताब्याला उशीर झाल्याच्या आमच्या तक्रारीची सुनावणी झाली २०१९ मध्ये. त्याच्या वकिलांचं एकच म्हणणं, नोंदवलेली मुदत संपलेलीच नाही, मग उशीर कसला? एकीकडे घरभाडं, दुसरीकडे गृहकर्जाचा हप्ता भरणाऱ्या माणसाला हे ऐकताना काय वाटतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

याचं उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०१७ रोजी नीलकमल रिअल्टर्सच्या प्रकरणात देऊन ठेवलं होतं. विकासकांनी रेरा कायद्याच्या वैधतेलाच आव्हान दिलं होतं. न्यायालयाने कायदा कायम ठेवला आणि कलम १८ खालचा उशीर खरेदीदाराशी केलेल्या करारातल्या तारखेपासूनच मोजायचा, हेही स्पष्ट केलं. आमच्या वकीलबाईंनी निकालातला तो परिच्छेद पिवळ्या मार्करने रंगवून करारनाम्याच्या ताब्याच्या पानाला जोडला. त्यापुढे समोरच्यांच्या युक्तिवादात फारसा दम उरला नाही.

कलम १८ मध्ये दोन वाटा आहेत. प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत घ्या, नाहीतर घर ठेवा आणि ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घ्या. आम्हाला घरच हवं होतं. व्याजाचा दर राज्याच्या नियमांनुसार, स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँक कर्जासाठी ठरवते तो आधारभूत व्याजदर) अधिक २ टक्के. तसा आदेश झाला. ताबा पुढे मिळाला, व्याज मात्र नाही.

बिल्डर अपिलात गेला. कलम ४३(५) प्रमाणे विकासकाला अपील चालवायचं असेल, तर खरेदीदाराचं देणं व्याजासकट आधी अपिलीय न्यायाधिकरणात भरावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात ही अट उचलून धरली. मला तर या कायद्यातली सगळ्यात मोलाची तरतूद हीच वाटते. ती नसती तर आम्ही नुसत्या तारखांवर तारखा घेत बसलो असतो. बिल्डरने रक्कम भरली नाही आणि अपील फेटाळलं गेलं.

मग आदेश पाळला नाही म्हणून अर्ज केला आणि वसुली वॉरंट निघालं. कलम ४०(१) नुसार ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. महारेरा स्वतः जप्तीला जात नाही. वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसीलदारांकडे. तहसीलमधले अव्वल कारकून सरळ म्हणाले, "ताई, वॉरंटवर कंपनीच्या ऑफिसचा पत्ता आहे. तिथे टेबल-खुर्च्यांशिवाय काय मिळणार? जप्त काय करायचं तेवढं दाखवा."

ते आम्ही दाखवलं. महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक विकासकाला आपल्या प्रकल्पातल्या किती सदनिका गेल्या, किती शिल्लक आहेत ही माहिती द्यावी लागते. त्या पानाची प्रिंट काढली, शिल्लक सदनिकांवर खुणा केल्या, जमिनीचा ताजा सातबारा जोडला आणि अर्ज देऊन पोच घेतली. आधी मागणीची नोटीस गेली, तिला दाद नाही. मग मंडळ अधिकारी तलाठ्यांना घेऊन आले, पंचनामा झाला आणि बी विंगमधल्या दोन रिकाम्या सदनिकांच्या दारांवर जप्तीची नोटीस डकवली. त्याच आठवड्यात एक एजंट गिऱ्हाईक घेऊन वर गेला आणि नोटीस वाचून तसाच खाली आला.

लिलावाची तारीख लागायच्या आत बिल्डरच्या ऑफिसातून फोन, "हप्त्यांत घ्याल का?" हप्ते चालतील, पण तहसीलमार्फतच, असं आम्ही लेखी कळवलं. पूर्ण रक्कम जमा झाल्याशिवाय जप्ती उठवू नये, असा अर्जही लगेच तहसीलदारांना दिला. शेवटचा डिमांड ड्राफ्ट जमा झाल्यावरच ती उठली.