जिभेवरची गाठ लहानच होती, पण

काकांच्या जिभेच्या कडेला फोड आला होता, दाताची धार लागत असेल असं आम्ही सगळेच म्हणत होतो, दोन महिने जेल लावण्यात आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांत गेले. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर सरळ जाऊन दाखवायची असते, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. ते दोन महिने अजून मनातून जात नाहीत.

शेवटी तो जिभेचा कॅन्सर निघाला. ऑपरेशननंतरचा रिपोर्ट हातात आला तेव्हा मी आधी साइज बघितली, १.८ सेंटिमीटर, म्हटलं चला, लहान आहे, पहिली स्टेज असणार. डॉक्टरांनी खालच्या ओळीवर पेन टेकवलं, गाठ आत किती खोल गेलीय ते, ७ मिलिमीटर. खोली ५ च्या वर गेली की दोन सेंटिमीटरच्या आतली गाठही टी-टू, म्हणजे गाठीची दुसरी पायरी धरतात, त्यात मानेतल्या एका लिम्फ नोडमध्ये, म्हणजे तिथल्या छोट्या ग्रंथीत, कॅन्सर सापडलेला, म्हणजे थेट तिसरी स्टेज. माझे हातपायच गळाले.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये पेशंटचं पुढे काय होणार हे बरंचसं मानेवर ठरतं, हे मला तेव्हा कळलं. नोडमध्ये पसरला की वाचण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते, आणि नोडचं आवरण फोडून बाहेर आला असेल तर अजून कमी. म्हणून सुरुवातीच्या स्टेजलाही, मानेत हाताला काही लागत नसताना, तिथले नोड काढतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलचा २०१५ चा अभ्यास आहे, असे नोड आधीच काढलेल्यांतले ८० टक्के पेशंट तीन वर्षांनी हयात होते, आणि वाट बघून गरज पडली तरच काढायचे ठरवलेल्यांत ६७.५ टक्के. काकांच्या मानेवर कानापर्यंत गेलेला तो व्रण बघून आधी मला सर्जनचा राग आला होता, आता नाही येत.

बाकी मग मार्जिन, म्हणजे गाठीभोवती ५ मिलिमीटर तरी निरोगी भाग कापला गेलाय का (काकांचं क्लिअर आलं, त्या दिवशी काकू रडल्याच), आणि रेडिएशन ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू होणं. तंबाखू तर सुटायलाच हवी, ट्रीटमेंट चालू असताना ओढत राहिलं तर रेडिएशनचा गुण कमी येतो.

परत उलटायचा धोका पहिल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त, काकांचा आता चौदावा महिना चालू आहे. दर तपासणीला डॉक्टर जीभ बघतात आणि मग कितीतरी वेळ मान चाचपतात, तेवढा वेळ काकू माझा हात सोडत नाहीत.