बैल, गाढव आणि मी

संडे स्कूलमध्ये बायबलच्या दहा आज्ञांतली चौथी आज्ञा घडाघडा म्हणून दाखवली म्हणून मला पेन्सिल बक्षीस मिळाली होती. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवशी तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी यांनी काम करायचं नाही. बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात हीच आज्ञा पुन्हा येते, तिथं बैल आणि गाढवही आहेत. लग्न झाल्यावर ध्यानात आलं, यादीत बायको नाहीच!

आमचा रविवार म्हणजे नऊची उपासना. पाळकसाहेब विसाव्यावर बोलत आणि मी मनात वाटणाचा हिशेब मांडत बसायची. घरी आल्यावर साडी बदलायच्या आत मिक्सर सुरू. तीनला जेवणं, चारला भांडी. संध्याकाळी अंगात त्राण नसायचं.

कोकणातल्या बेने इस्राएलांना, म्हणजे शनिवारी शब्बाथ पाळणाऱ्या ज्यूंना, लोक 'शनवार तेली' म्हणत. तेल गाळणं हा त्यांचा धंदा, पण शनिवारी घाणा बंद. म्हणजे घाण्याच्या बैलालाही आठवड्याला एक दिवस मोकळा! मुंबईच्या गिरण्यांचा भोंगा रविवारी गप्प करायला नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षं झगडले, तेव्हा कुठे १० जून १८९० पासून कामगारांना सुट्टी मिळाली. रविवार खंडोबाचाही वार, हे त्यांच्या बाजूनं होतं. माझ्या कुकरच्या शिट्टीसाठी कोण झगडणार?

उपाय आजीकडे होता, मला उशिरा आठवला. ती शनिवारी रात्रीच दुप्पट भाकरी थापायची. विचारलं तर बायबलमधली मान्नाची, म्हणजे आकाशातून पडणाऱ्या अन्नाची गोष्ट सांगायची: रानात सहाव्या दिवशी लोक दुप्पट मान्ना वेचत, सातव्या दिवशीही जे वेचायला गेले ते हात हलवत परत आले. "आपण कशाला जायचं त्यांच्यात?" म्हणत ती भाकरीच्या चळतीवर फडकं टाकायची. पहाटे चुलीत राखच.

आता मीही शनिवारीच मटण करते. एरवीही ते दुसऱ्या दिवशी मुरून जास्त चांगलं लागतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं, कबूल कोणी करत नाही. भाकऱ्या डब्यात. पहिल्या रविवारी हे टेबलाशी बसून म्हणाले, "अगं, आज गरम काहीच नाही?"

"आहे की, चहा. तुम्ही करणार आहात."

केला. साखर जास्त पडली होती; मी काही बोलले नाही, तीही एक प्रकारची उपासनाच.

जेवण झाल्यावर खिडकीपाशी फरशीवर नुसती चटई टाकली. बारीकसं ऊन पायाच्या बोटांवर येऊन थांबलं होतं. शेजारच्या घरात कुकरची पहिली शिट्टी झाली, मग दुसरी. सवयीनं माझा हात जमिनीला टेकला, उठायला. मग आठवलं, ती आपली नव्हे. तिसरी झाली. चौथी. इतका गोड आवाज मी कधी ऐकला नव्हता.

लेक दारातून डोकावला. "आई, तुला बरं नाहीये का?"

"बरी आहे," म्हटलं आणि कूस बदलली.