तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रिझली आले तर चालेल का?

सिअ‍ॅटलजवळ राहणाऱ्या आणि सुट्टी मिळाली की डोंगरात पळणाऱ्या माणसाला हल्ली हा प्रश्न चुकत नाही. गेल्या वर्षी तर गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एका काकांनी गाठलं. "तू एवढी हिंडतेस. ते ग्रिझली अस्वलं आणून सोडणार आहेत म्हणे. तुला चालेल?" मागे रांग खोळंबलेली, हातात शिऱ्याचा द्रोण. मी "चालेल की" म्हणून पुढे सरकले. ते उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेलं आज लिहिते.

आधी प्रकरण काय ते सांगते, कारण विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाटतं की उद्या ट्रक भरून अस्वलं येणार आहेत. नॉर्थ कॅस्केड्स म्हणजे वॉशिंग्टन राज्याच्या उत्तरेचा, कॅनडाच्या सीमेला टेकलेला डोंगराळ मुलूख. अमेरिकेच्या बाजूचा टापू सुमारे 25,000 चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपले पुणे आणि सातारा जिल्हे जोडले तर जवळपास तेवढा. एप्रिल 2024 मध्ये राष्ट्रीय उद्यानं आणि वन्यजीव सांभाळणाऱ्या दोन्ही केंद्रीय खात्यांनी ठरवलं की दरवर्षी तीन ते सात ग्रिझली इथे आणायची आणि पाच-दहा वर्षांत पंचवीसचा आकडा गाठायचा. पुढे ती आपोआप वाढून दोनशे व्हायला साठ ते शंभर वर्षं लागतील असा अंदाज आहे. म्हणजे ते दोनशेवं अस्वल बघायला मी नसणार, आणि प्रसादाच्या रांगेतले काका तर नाहीतच. 2025 च्या उन्हाळ्यापर्यंत तर एकही आलं नव्हतं.

बाहेरून आणायची वेळ का आली, हेही विचारतात. इथे ती होतीच. 1827 ते 1859 या काळात कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीच्या या भागातल्या ठाण्यांवरून ग्रिझलीची 3,788 कातडी गेल्याची नोंद आहे. शेवटचं मारलेलं ग्रिझली 1967 चं. त्याच्या पुढच्याच वर्षी तिथे राष्ट्रीय उद्यान झालं, म्हणजे यजमान गेल्यावर घराला पाटी लागली. 1996 नंतर अमेरिकेच्या बाजूला एकही खात्रीची नोंद नाही. आपणहून येतील म्हणावं, तर मादी चार-पाच वर्षांची झाल्याशिवाय वीत नाही, दोन वेतांत साधारण तीन वर्षं जातात, आणि मुली आईच्या मुलखाला चिकटून राहतात. अस्वलांच्या मुली लांब नांदायला जात नाहीत. मधे कॅनडातले हमरस्ते आणि वस्त्या आहेतच.

आता आमच्यासारख्या डोंगर चढणाऱ्यांचं. आमचं एकमत असेल असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्या पंधरा-वीस जणांच्या गटातसुद्धा ते नाही. पहाटे एकटी डोंगरात धावायला जाणारी मैत्रीण सरळ म्हणाली, "मला नकोत. बाईमाणसाला एकटं निर्धास्त फिरता येईल अशा जागा मुळात किती, त्यातली ही एक घालवू नका." हिच्यापुढे मला आजवर नीट उत्तर देता आलेलं नाही. एक निवृत्त काका मोंटानात बरीच वर्षं काढून आलेत. त्यांचं म्हणणं, ग्लेशियर उद्यानात ग्रिझली आहेत आणि गर्दीही आहे, तिथे लोक काय घरी बसलेत? लहान मुलं असलेली दोन जोडपी आधी हो म्हणत होती. मग कुणीतरी अस्वलावर मारायच्या तिखट स्प्रेच्या डब्याचा व्हिडिओ पाठवला. अस्वल सात-आठ मीटरवर आलं की स्प्रे मारायचा आणि डबा सात-आठ सेकंदांत रिकामा होतो, हे कळल्यावर ती गप्प झाली.

आणि एक जमात आहे तिचा मला मनापासून राग येतो. "डोंगर खरा रानटी हवा, अस्वलाशिवाय कसला!" असं म्हणणारी, आणि मुक्कामाला अन्नाचा डबा बंद न करता तंबूतच बिस्किटं घेऊन झोपणारी. अस्वल माणसाच्या खाण्याला सोकावलं की त्याचा शेवट बहुतेक वेळा बंदुकीने होतो. बिस्किटवाला मात्र सोमवारी ऑफिसात हजर असतो.

ग्रिझली असलेल्या डोंगरात चालणं म्हणजे काय, ते मला कॅनडातल्या बॅन्फ उद्यानात कळलं. तिथे मोरेन तळ्यावरून लार्च व्हॅलीत जायच्या वाटेवर ग्रिझलींचा वावर असला की चार-चारच्या गटानेच जायचं, असा नियम लागतो. आम्ही दोघंच होतो. वाटेच्या तोंडाशी लोक नुसते उभे, एकमेकांकडे बघत, स्थळं बघायला आल्यासारखे. शेवटी एक म्हातारं जोडपं पुढे आलं, "तुम्ही दोघं? आम्ही दोघं." चार झालो. आजोबांचे गुडघे दुखत होते, त्यामुळे आम्ही सगळेच त्यांच्या चालीने. शांतपणे चालायचं नाही, आवाज करत राहायचा. इंग्रजीत बोलायचे विषय अर्ध्या तासात संपले, मग मी त्यांना गाण्यांच्या भेंड्या शिकवल्या. सोनेरी लार्चच्या झाडांखाली एक कॅनेडियन आजी "म" वरून गाणं शोधतेय, हे मी विसरणार नाही. अस्वल दिसलं नाही. संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, दिवसभरात एकदाही कानात गाणी घातली नव्हती, वळणावर थांबून पुढे बघत होते, ओली विष्ठा दिसली की तिच्यात बिया कसल्या ते बघत होते. एरवी मी डोंगरात जाते म्हणजे माझ्याच विचारात जाते.

तरीही मी फार गोड बोलत नाही, त्याचं कारण माझं माहेर. मी चंद्रपूरची. आमच्या आजोळी मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला अंधारातच निघतात, कारण फुलं रात्री गळतात आणि उन्हाआधी उचलावी लागतात. नेमकी तीच वेळ अस्वलाची, आणि तेच झाड. आपलं अस्वल ग्रिझलीच्या मानाने लहान, पण अचानक समोर आलं तर तोंडच फाडतं. आजी झाडाजवळ पोचायच्या आधी टोपली बडवायची आणि म्हणायची, "अस्वलाले सांगून जावं लागते, बाई." तिला कुणी विचारलं नव्हतं, चालेल का म्हणून. विचारलं असतं तर तिने आधी मोहाचा भाव विचारला असता.

आता ताडोबा आणि पेंचमधून आठ वाघ सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात न्यायचं ठरलं, तेव्हा माझ्या पुण्याच्या ट्रेकर मित्रांनी आनंदाचे संदेश टाकले. माझ्या मामाने लिहिलं, "आठच काहून? आणखी न्या." दोन्ही बाजू एकाच फोनवर वाचताना मला जे कळलं, तेच मी नॉर्थ कॅस्केड्सला लावते. माझा होकार आहे, पण तो स्वस्तातला आहे. मला भीती वाटली तर मी पुढच्या शनिवारी समुद्रावर जाईन. पूर्वेच्या उतारावर ज्यांची गुरं चरतात, त्यांना तसं जाता येत नाही. तिथल्या मूळ रहिवाशांतही दोन मतं आहेत: अप्पर स्कॅजिट लोकांचा पाठिंबा आहे, ग्रिझली त्यांच्या जुन्या नात्यातलं, त्यांच्याच शेजारच्या सॉक-सुआयटल लोकांचा विरोध आहे, कारण त्या रानात त्यांना रोज जायचं असतं. योजनेत या अस्वलांना "प्रायोगिक" दर्जा दिलाय, म्हणजे त्रास देणारं अस्वल हलवायला किंवा वेळ पडली तर मारायला एरवीपेक्षा जास्त मोकळीक. काही ट्रेकर या कलमावर चिडलेत. मला ते कलम आवडतं. माझ्या मामाच्या हातात असं काही असतं, तर वाघाबद्दल तो जरा मऊ बोलला असता असं मला वाटतं.

तर काकांचा प्रश्न. हो, चालेल. एकटीने पहाटे जाणं मी सोडेन आणि त्याचं वाईट वाटेल. स्प्रे आत्ताच बॅगेच्या पट्ट्याला बाहेरून अडकवते, कारण काळी अस्वलं इथे भरपूर आहेतच. पण मतं मोजायला बसाल, तेव्हा माझं आधी मोजू नका.

मागच्या ऑगस्टमध्ये आई आली होती. कॅस्केड पास नावाच्या खिंडीपर्यंत तिला नेलं, तीसेक नागमोडी वळणं, दर वळणावर "आता किती?" वर पोचलो तर उतारभर हकलबेरी पिकलेल्या, पानं लाल व्हायला लागलेली. आई वाटेतच थांबली, काठीने दगडावर तीनदा ठक ठक केलं आणि मोठ्याने हाक दिली, "ओ, आम्ही येऊन राहिलो!" मागून येणारी दोन गोरी पोरं दचकून थांबली. मग तिने चार फळं तोडून तोंडात टाकली, जरा वेळ चघळली आणि विचारलं, "हे वाळवून ठेवतेत का इकडे?"