वर्गणी काढून टोकियोला

रविवार, रात्री

जेवणं आटोपल्यावर ब्रिटनच्या बेथ श्रीवरची टोकियो ऑलिंपिकमधली बीएमएक्सची, म्हणजे चढउतारांच्या ट्रॅकवरच्या छोट्या सायकलींची, अंतिम शर्यत पुन्हा पाहिली. निकाल तोंडपाठ आहे, तरी शेवटच्या सरळ पट्ट्यात मारियाना पाहोन मागून सरकायला लागली की माझा जीव वरखाली होतोच. श्रीवर ४४.३५८ सेकंद, पाहोन ४४.४४८. आणि पाहोन कोण, तर लंडन २०१२ आणि रिओ २०१६ अशी लागोपाठ दोन सुवर्णपदकं घेऊन आलेली कोलंबियाची राणी.

बीएमएक्समध्ये बरंचसं सुरुवातीलाच ठरतं. आठ मीटर उंच उतारावर आठ जणी, पुढचं चाक गेटला टेकवलेलं. रेकॉर्ड केलेली सूचना ऐकू येते, पण त्यानंतर गेट नेमकं कधी पडेल ते कुणालाच ठाऊक नसतं. मुद्दामच तसं ठेवलंय, नाहीतर सगळ्या अंदाजाने आधीच सुटतील. २० इंची चाकं, गिअर नाहीत, ब्रेक एकच. पहिल्या वळणाला जी पुढे, ती मागच्या धक्काबुक्कीतून वाचते. श्रीवर त्या दिवशी पुढे होती.

मला मात्र शर्यतीपेक्षा तिच्या आधीची वर्षं जास्त छळतात. इंग्लंडमधल्या एसेक्सची मुलगी, ब्रेनट्रीच्या क्लबात लहानपणी सायकल हाकायला लागलेली. २०१७ मध्ये ज्युनियर जगज्जेती. आणि नेमक्या त्याच सुमारास, रिओनंतर, यूके स्पोर्टने, म्हणजे ब्रिटनमध्ये खेळांना सरकारी पैसा वाटणाऱ्या संस्थेने, टोकियोसाठी बीएमएक्सचा निधी फक्त पुरुषांपुरता ठेवला. पदकाची शक्यता कुठे जास्त, पैसा तिथे, असा तो हिशोब. कागदावर बरोबर दिसतो. पण ज्या मुलीला सरावाला, प्रवासाला पैसाच मिळणार नाही, तिची शक्यता वाढणार तरी कशी?

मग ही शाळेत अर्धवेळ मदतनीस म्हणून काम करायची आणि उरलेल्या वेळात सराव. ऑलिंपिकची पात्रता मिळवायची तर देशोदेशी शर्यती खेळायला हव्यात, म्हणून तिने ५०,००० पौंडांसाठी लोकांपुढे हात पसरले. आपल्याकडे गणपतीची वर्गणी मागायलासुद्धा पोरं घोळक्याने जातात. इथे विशीतली मुलगी, स्वतःसाठी, चारचौघांत. मला नसतं जमलं.

३० जुलै २०२१ ला तिच्या आधी काही मिनिटं ब्रिटनच्याच काइ व्हाइटने पुरुषांमध्ये रौप्य जिंकलं होतं. श्रीवर अंतिम रेषा ओलांडून कोसळली, पायांत त्राणच नव्हतं, तर त्यानेच तिला उचलून घेतलं. फोटो सगळ्यांनी छापला. गोड आहेच तो, पण त्यात हिशोब करणारे कुठे दिसत नाहीत, एवढंच माझं म्हणणं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिने जागतिक विजेतेपदही घेतलं, २०२३ ला ग्लासगोत पुन्हा एकदा.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकआधी काही आठवडे तिचं कॉलरबोन मोडलं. तरी अंतिम फेरीपर्यंतच्या सगळ्या धावा जिंकली, आणि अंतिम फेरीत आठवी. आठ जणींत आठवी! गेटवर जरा मागे राहिलं की बाकीचं सगळं गेलं. मला तर यातच या खेळाचा खरेपणा वाटतो, तिला काय वाटलं असेल ते वेगळं.

सुवर्ण गेलं ऑस्ट्रेलियाच्या साया साकाकिबाराला. टोकियोत ती उपांत्य फेरीत पडली होती. त्याच्या आदल्या वर्षी फेब्रुवारीत तिच्या भावाला, काईला, ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टच्या शर्यतीत पडून मेंदूला जबर मार लागलेला. तोही याच खेळातला. पॅरिसला तो प्रेक्षकांत होता. आता तिच्या शर्यती शोधून बघायच्या आहेत, पण त्या उद्या. सकाळी पाचला उठायचंय.