समासातली पेन्सिल

राजकारणी माणसाचं आत्मचरित्र हाती आलं की मी ते मागून उघडतो. शेवटी व्यक्तिसूची असली तर विचारूच नका. कुणाच्या नावापुढे किती पानं पडलीत, एवढं पाहिलं तरी अर्धं राजकारण कळतं. ज्याच्याशी जन्मभर वैर केलं त्याच्या वाट्याला ओळभर पृष्ठक्रमांक, आणि ज्याने पहिलं तिकीट मिळवून दिलं तो बापडा एका पानावर, तोही 'इतर सहकाऱ्यां'त. सूची नसली तर फोटो बघायचे. हार कोण घालतंय यापेक्षा मागून मान वर काढून कोण डोकावतंय, हे महत्त्वाचं.

आजोबांच्या कपाटात यशवंतराव चव्हाणांचं आत्मचरित्र 'कृष्णाकाठ' सापडलं तेव्हाही खोडीप्रमाणे तेच करायला गेलो आणि फसलो. यशवंतराव चव्हाण म्हणजे १९६० साली महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, चीनच्या युद्धात नेहरूंनी दिल्लीला बोलावून घेतलेले संरक्षणमंत्री, पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र, १९७९ मध्ये उपपंतप्रधान. मला त्यांच्या आधीचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन हवे होते, मोरारजी हवे होते, इंदिराबाई तर हव्याच होत्या. पण पुस्तक १९४६ लाच थांबतं. पार्लमेंटरी सेक्रेटरी म्हणून मुंबईला निघालेला ३३ वर्षांचा माणूस दिसतो आणि पडदा! पुढचे 'सागरतीर' आणि 'यमुनाकाठ' हे खंड त्यांच्या मनात होते. १९८४ मध्ये ते गेले आणि ते मनातच राहिले.

मग या पुस्तकात बडी माणसं कोण? तर देवराष्ट्र्याची आजी. लेक बाळंतपणात अडली तेव्हा तिने सागरोबाला साकडं घातलं, यश दे, पोराचं नाव यशवंत ठेवीन. प्लेगमध्ये नवरा गेल्यावर पोरांना घेऊन उभी राहिलेली आई, विठाई. मुलगा तुरुंगात असताना, माफी मागितली तर सुटेल, असा सल्ला तिच्या कानावर आला. माफी कसली मागायची, म्हणून ही निरक्षर बाई उठून चालती झाली. ब्राह्मणेतर चळवळीकडे ओढा असलेले मधले बंधू गणपतराव. येरवड्याच्या तुरुंगात पोरांना शिकवणारे आचार्य भागवत. आणि वेणूताई. जून १९४२ मध्ये लग्न झालं, नवरा भूमिगत, आणि लग्नानंतरची पहिली संक्रांत कोठडीत. तिळगुळाची सोय तिथे काय असणार!

मला वाटतं, या माणसांविषयी असं मोकळं लिहिता येतं, कारण त्यांच्या उल्लेखाने कुठला गट रुसत नाही. यशवंतराव शब्द तोलूनमापून वापरणारे. 'यमुनाकाठ' झालं असतं तर मेननना दोन सभ्य परिच्छेद मिळाले असते आणि आपण ओळींच्या मधलं वाचत बसलो असतो, अशी मला दाट शंका आहे.

त्यांना गुरू मानणाऱ्या शरद पवारांनी आपल्या पुस्तकाचं नावच 'लोक माझे सांगाती' ठेवलं. त्यात दिल्ली, मुंबई, बारामती सगळं आहे. २ मे २०२३ ला त्याच्या सुधारित आवृत्तीचं प्रकाशन झालं, तेही मुंबईत चव्हाणांच्याच नावाच्या वास्तूत. तिथेच त्यांनी पक्षाध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं. पुस्तकातली बरीच माणसं समोरच बसलेली. त्या दुपारी पुस्तक कोण उघडतंय? (तीन दिवसांनी राजीनामा मागे आला. पुस्तक मात्र छापून झालं होतं.)

आजोबांचं गाव कराडजवळचं. २४ ऑगस्ट १९४२ ला कराडच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला, तेव्हा ते शाळकरी पोर होते. घरी हा विषय त्यांनी फारसा कधी काढला नाही. आजी मात्र म्हणायची, "हे कुठले मोर्च्यात? चपला हरवून आले एवढं खरं!" पुस्तक आणल्यावर त्यांनी ते दोनदा वाचलं होतं म्हणे. त्यांचं नाव त्यात असण्याचं काही कारणच नव्हतं.

बेचाळीसची पानं आली तेव्हा समासात काहीतरी लिहून खोडरबराने घासलेलं दिसलं. कागद तेवढाच खरखरीत झालाय. अक्षरं गेलीत, पण आजोबा पेन्सिल दाबून धरायचे, त्यामुळे वळ राहिलाय. पान खिडकीकडे तिरकं धरलं की दोन शब्द वाचता येतात: 'मी होतो'.